टटल क्रीकच्या काठी : तंबूतला मुक्काम आणि पाण्याचा प्रश्न

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



समितीने आम्हाला ‘परदेशातील आपले धम्मजीवन’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. या विषयावर बोलायचे म्हणजे तिकडे जयंती कशी साजरी होते, वंदनेला किती कुटुंबे जमतात, मुलांना मराठी येते का, हे सांगण्याची पद्धत आहे. ते आपण पुष्कळदा ऐकले आहे. म्हणून आज आम्ही थोडे वेगळे बोलणार आहोत. कॅलिफोर्नियात राहणारी आम्ही पाच-सहा मराठी बौद्ध कुटुंबे दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वाळवंटाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, एका ओढ्याकाठी तंबू ठोकून दोन-तीन दिवस राहतो. त्या मुक्कामाविषयी आणि त्या ओढ्याच्या पाण्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

आता कोणी म्हणेल, अहो, माळावर झोपायला अमेरिकेपर्यंत कशाला जायचे? आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच वर्षी हे विचारले होते. ते म्हणाले, “आपली माणसं ऊसतोडीला, रस्त्याच्या कामाला जाऊन पालात राहिली. त्या पालातून बाहेर पडायला दोन पिढ्या गेल्या. आणि तुम्ही पैसे भरून पालात जाता?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे आम्हाला सापडलेले उत्तर बोलण्याच्या ओघात येईल.

आधी जागा समजून घेऊ. लॉस एंजलिसहून ३९५ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला साडेतीन-चार तास गेले की लोन पाइन नावाचे छोटेसे गाव लागते. गावाच्या पश्चिमेला सिएरा नेवाडा पर्वत भिंतीसारखा सरळ उभा आहे. त्यातले माउंट व्हिटनी हे शिखर १४,५०५ फूट उंच आहे. अलास्का सोडला तर अमेरिकेतले सर्वांत उंच शिखर ते हेच. पूर्वेला इन्यो नावाची उघडी-बोडकी डोंगररांग, आणि त्याच्याही पलीकडे डेथ व्हॅली. तिथली सर्वांत खोल जमीन समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे. मधल्या लांबट खोऱ्याला ओवेन्स व्हॅली म्हणतात.

इतक्या उंच बर्फाच्या डोंगराखाली वाळवंट कसे, असे वाटेल. पण आपल्या सातारा जिल्ह्याचा विचार करा. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला लोक टँकरची वाट पाहतात. ढग डोंगराच्या एका बाजूला रिते होतात आणि दुसरी बाजू कोरडी राहते. तिकडेही तसेच. समुद्रावरून आलेले ढग सिएराच्या पश्चिम अंगाला पाऊस-बर्फ टाकून मोकळे होतात, आणि पूर्वेच्या पायथ्याशी वर्षाला जेमतेम पाच-सहा इंच पाऊस पडतो. जमीन वाळूची, तिच्यावर सेजब्रश नावाची करडी झुडपे. हात लावला तर ओव्यासारखा उग्र वास येतो.

अशा कोरड्या उतारावरून टटल क्रीक हा ओढा वाहत येतो. क्रीक म्हणजे तिकडे ओढाच. हे पाणी डोंगरावरच्या वितळलेल्या बर्फाचे. गावापासून चार-पाच मैलांवर, सुमारे पाच हजार फूट उंचीवर, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याचे कॅम्पग्राउंड आहे. ऐंशीच्या आसपास तंबूच्या जागा आहेत. मोठी सावली नाही. ओढ्याच्या काठाने तेवढी आपल्या वाळुंजाच्या जातीची झाडे दाटलेली आहेत. लांबून पाहिले तर करड्या माळावर कोणी हिरवी दोरी टाकली आहे असे दिसते.

तिथे सोयी फार नाहीत. प्रत्येक जागेला एक बाकासहित टेबल आणि चूल पेटवण्यासाठी लोखंडी कडे. थोड्या अंतरावर खड्ड्याचे संडास. वीज नाही. पिण्याचे पाणी आपण बरोबर न्यायचे, कारण ओढ्याचे पाणी कितीही निवळशंख दिसले तरी त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. ते उकळून किंवा गाळणयंत्रातून काढूनच घ्यायचे.

आता पैशांची पद्धत सांगतो, कारण ती आम्हाला फार आवडली. अशा साध्या कॅम्पग्राउंडवर बहुतेक वेळा तिकीट फाडणारा माणूस नसतो. दाराशी एक जाड लोखंडी नळा जमिनीत रोवलेला असतो आणि शेजारी कोरी पाकिटे. आपण रिकामी जागा निवडायची, पाकिटावर गाडीचा नंबर आणि किती रात्री राहणार ते लिहायचे, पैसे आत घालून पाकीट नळ्यात टाकायचे, आणि त्याची फाडलेली चिठ्ठी आपल्या जागेच्या खांबाला लावायची. बघायला कोणी नाही. रात्री अंधारात येऊन पहाटे निघून गेलात तर कदाचित कोणाला कळणारही नाही. आम्ही ते पाकीट मुलांच्या हाती देतो. रोज वंदनेत ‘अदिन्नादाना वेरमणी’ म्हणणाऱ्या मुलाला त्या लोखंडी नळ्यासमोर उभे केले की न दिलेले न घेणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बाकीचे नियमही असेच साधे आहेत. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. भांडी ओढ्यात धुवायची नाहीत. साबणाचे पाणी ओढ्यापासून दोनशे फूट दूर न्यायचे आणि मातीत जिरवायचे. जनावरांना खायला घालायचे नाही, कारण माणसाच्या अन्नाची चटक लागलेले जनावर पुढे जगत नाही. जाताना आपला कचरा आपण उचलायचा. झाडाची ओली फांदी तोडायची नाही, आणि वाऱ्याच्या दिवसांत किंवा वणव्याची मनाई असेल तेव्हा चूल पेटवायची नाही. पंचशील पाळणाऱ्याला यातला एकही नियम परका वाटणार नाही.

वाऱ्याचा उल्लेख केला तो उगाच नाही. दुपारनंतर डोंगरावरून जो वारा उतरतो, तो खुंट्या उपटून तंबू गोळा करून नेतो. म्हणून आमच्याकडे आल्या-आल्या पहिले काम खुंट्या ठोकण्याचे, आणि तंबूच्या चारी कोपऱ्यांत जड सामान ठेवण्याचे. दुसरी काळजी, तंबू ओढ्याच्या पात्राला अगदी लागून ठोकायचा नाही. २००८ च्या जुलैमध्ये याच खोऱ्यात, उत्तरेला इंडिपेंडन्स गावाजवळच्या ओक क्रीकला अचानक चिखल-दगडांचा लोंढा आला आणि त्यात कितीतरी घरे गेली. आदल्या वर्षीच्या वणव्याने वरचे उतार उघडे पडले होते. शांत दिसणाऱ्या ओढ्याचा एवढा मान राखायलाच हवा.

मे-जून महिन्यांत या ओढ्याची एक गंमत पाहायला मिळते. सकाळी पाणी कमी असते. दिवसभर वर डोंगरात ऊन लागते, बर्फ वितळते, आणि ते पाणी खाली यायला वेळ लागतो. त्यामुळे संध्याकाळनंतर ओढा वाढतो, त्याचा आवाज जड होतो. पहाटे पुन्हा उतरतो. अनित्यतेवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकतो. मुलांनी काठावर एक दगड खूण म्हणून ठेवला, तो रात्री बुडाला आणि सकाळी पुन्हा उघडा पडला. त्या दगडाने आमचे काम केले.

संध्याकाळी पिठलं-भाकरी आणि ठेचा होतो. मग सगळे ओढ्याकाठी बसून त्रिसरण-पंचशील घेतात, आणि पंधरा-वीस मिनिटे आनापानसती. पंखा नाही, टीव्ही नाही, दूरवरच्या महामार्गाचाही आवाज नाही. फक्त पाणी. ज्यांना घरी पाच मिनिटे डोळे मिटून बसवत नाही, ती पोरे तिथे बसतात. अंधार पडला की आकाशात इतके तारे दिसतात की शहरात वाढलेले मूल क्षणभर गप्प होते.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की ही सहलीची हकिकत झाली, यात विहारात सांगण्यासारखे काय? ते आता येते.

एका वर्षी आमच्यातल्या एका कुटुंबाकडे मराठवाड्यातून आजी आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्या काठावरच्या दगडावर बसल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पाण्यात घातली. नातू धावत आला, “आजी, नको पिऊ! उकळावं लागतं ते.” आजी म्हणाल्या, “पीत न्हाई रे बाळा. हात घालून बघते. आमाला हात घालायचीच बंदी होती. वरून वतायचे, आन् आमी खाली ओंजळ धरायची. कुनी आलंच न्हाई तर आडावरनं तसंच माघारी.” नातवाला काही ते नीट समजेना. त्याच्या घरात चार नळ आहेत. त्याने विचारले, “पण का? पाणी कोणाचं होतं?” आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला, “मग हे पाणी कोणाचं आहे? हे कुठे जातं?”

आम्ही सगळे शिकलेले लोक. पण त्या दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्यापैकी कोणापाशीही तयार नव्हते. पुढच्या दोन-तीन वर्षांत वाचून, लोन पाइनच्या आसपास हिंडून जे समजले ते थोडक्यात सांगतो.

या खोऱ्यात मूळचे राहणारे पायूट लोक. त्यांच्या भाषेत खोऱ्याचे नाव पायाहूनाडू, म्हणजे वाहत्या पाण्याची भूमी. ओढ्यांचे पाणी चारीने फिरवून ते आपल्या खाण्याच्या कंदांना आणि गवताच्या बियांना देत. गोरे पशुपालक आल्यावर कुरणांसाठी आणि पाण्यासाठी झगडे झाले. १८६३ च्या जुलैमध्ये सैन्याने नऊशेच्या वर पायूट बायामाणसांना भर उन्हात डोंगर-वाळवंटातून फोर्ट तेहोनला चालवत नेले. वाटेत कित्येक मेले, कित्येक पळून परत आले. त्यांचे वंशज खोऱ्यात अजूनही आहेत, लोन पाइनलाही त्यांची वस्ती आहे.

मग पाणी गोऱ्या शेतकऱ्यांचे झाले. पण तेही फार काळ टिकले नाही. दक्षिणेला लॉस एंजलिस शहर वाढत होते आणि त्याला पाणी हवे होते. शहराने खोऱ्यातल्या जमिनी आणि त्यांच्याबरोबरचे पाण्याचे हक्क विकत घेतले. पुष्कळ व्यवहारांत घेणारा खरा कोण आहे, हे विकणाऱ्याला कळू दिले नव्हते. विल्यम मुलहोलंड या अभियंत्याने २३३ मैल लांबीची जलवाहिनी बांधली. तिच्यात एकही पंप नाही, पाणी केवळ उताराने जाते. बांधकाम म्हणून ते थोरच आहे. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी पाणी शहराला पोहोचले. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले होते, ही एक आठवण.

त्यानंतर खोऱ्याखालचे ओवेन्स सरोवर आटले. शंभर चौरस मैलांच्या वर पसरलेले ते पाणी १९२० च्या दशकातच नाहीसे झाले आणि तळाची खारी धूळ वाऱ्याबरोबर उडू लागली. १६ नोव्हेंबर १९२४ रोजी खोऱ्यातल्या सत्तरेक माणसांनी लोन पाइनच्या उत्तरेचे अलाबामा गेट ताब्यात घेतले आणि जलवाहिनीतले पाणी पुन्हा नदीकडे सोडून दिले. बायकापोरे शिधा घेऊन आली, चार दिवस तिथे जत्रेसारखी गर्दी होती. पण शेवटी खोरे हरले. मजा पाहा, पाणी गेले म्हणून ओरडणाऱ्या या शेतकऱ्यांनीही आपल्या आधी ते कोणाचे होते, याचा विचार केलेला दिसत नाही.

कॅम्पग्राउंडच्या खालच्या बाजूला गोल-गोल खडकांचे अलाबामा हिल्स आहेत. तिथे शेकडो सिनेमे निघाले. १९३९ साली आलेला ‘गंगा दीन’ हा चित्रपटही तिथलाच. म्हणजे त्या खडकांना हिंदुस्थानची सरहद्द बनवले होते. त्यातला गंगा दीन कोण, तर पलटणीला पाणी पाजणारा भिस्ती. गोऱ्या नटाने अंगाला काळा रंग फासून ती भूमिका केली होती. पाणी वाहणाऱ्याची गोष्ट सांगायला जागा मिळाली तीही पाणी काढून नेलेल्या खोऱ्यात.

मुलाला आम्ही हे सारे त्याला झेपेल असे सांगितले. हे ओढे खाली उतरतात, तिथून त्यांचे पाणी शहराच्या जलवाहिनीत जाते, आणि ते लॉस एंजलिसच्या नळांना येते. कमी-जास्त असेल, बर्फ किती पडले त्यावर ते ठरते, पण येते. मूल म्हणाले, “म्हणजे आपल्याच नळाला!”

बंधू-भगिनींनो, ज्यांच्या आजीला विहिरीत हात घालू दिला नाही, त्यांच्या नातवाच्या नळाला दुसऱ्या कोणाच्या खोऱ्यातून काढून आणलेले पाणी येते. यात आपला दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ती जलवाहिनी काही आपण बांधली नाही. पण आपण पाण्यापासून दूर ठेवलेले लोक होतो, म्हणून पुढे कायम निर्दोष राहू, असेही नाही. हक्क मिळाल्यावर माणूस दुसऱ्याच्या हक्काचे काय करतो, तिथे त्याची परीक्षा होते.

येथे बाबासाहेबांचे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आठवावे लागते. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सोडले, ही जुनी कथा बाबासाहेबांनी मान्य केली नाही. त्यांनी रोहिणी नदी पुढे आणली. शाक्य आणि कोलिय दोघेही रोहिणीचे पाणी शेतीला घेत, आणि आधी कोणी घ्यायचे, किती घ्यायचे यावरून भांडणे होत. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. त्याने सुचवले की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि या पाच जणांनी वाद मिटवावा. बहुमत त्याच्याविरुद्ध गेले आणि त्याने परिव्रज्या पत्करली. म्हणजे आपल्या धम्माच्या उगमाशी एक नदी आहे आणि तिच्या पाण्याचा तंटा आहे. पाणी कोणाचे, हा प्रश्न बाजूला ठेवून ओढ्याकाठी नुसते डोळे मिटून बसणे, हे त्या कथेशी जुळत नाही.

बाबासाहेबांनी स्वतःही हा प्रश्न दोन्ही अंगांनी हाताळला. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि ते तळे सर्वांसाठी खुले असल्याचा हायकोर्टाचा निकाल १९३७ साली मिळेपर्यंत दहा वर्षे कोर्टात चिकाटी धरली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना दामोदर खोऱ्याची योजना आणि केंद्रीय जलआयोगाची उभारणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. तळ्यावर हक्क सांगणारे आणि नदीची व्यवस्था लावणारे एकच.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट. लोन पाइनपासून उत्तरेला नऊ मैलांवर मॅन्झनार आहे. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी हुकूम काढला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना उचलून दहा छावण्यांत डांबले. त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले नागरिक होते. कोणावर खटला नाही, गुन्हा सिद्ध नाही. बौद्ध भिक्षू आणि पुरोहितांना तर अगदी सुरुवातीला पकडले होते. मॅन्झनारच्या छावणीत एका वेळी दहा हजारांवर माणसे होती. काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे, वीस फूट बाय पंचवीस फूट खोलीत आठ-आठ जण, आणि फळ्यांच्या फटींतून येणारी तीच ओवेन्स खोऱ्याची धूळ.

तिथेही त्या माणसांनी काय केले, तर ओढ्याचे पाणी वळवून बागा केल्या, दगड रचून तळी केली, बुद्धमंदिर चालवले. काही जण रात्री तारेखालून सरपटत डोंगरातल्या ओढ्यांवर मासे धरायला जात आणि परत तारेच्या आत येत. कारण घरची माणसे आत होती.

छावणीच्या मागे स्मशान आहे. तिथे १९४३ साली छावणीतल्याच गवंड्याने, र्योझो काडो याने, पांढरा स्तंभ बांधला. त्यावर जपानी लिपीत तीन अक्षरे आहेत. त्यांचा भावार्थ, मृतांना शांती देणारा स्तंभ. छावणीत वारलेल्यांपैकी बहुतेकांचे बौद्ध रीतीने दहन झाले होते. १९६९ पासून लोक तिथे यात्रेसारखे जमतात. १९८८ साली अमेरिकेच्या सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. १९९२ पासून ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जपली जाते.

आम्ही दरवर्षी परतण्याआधी एक सकाळ मॅन्झनारला जातो. स्तंभापाशी उभे राहून वंदना घेतो. लोक तिथे कागदाचे पक्षी, नाणी, लहान दगड ठेवून जातात. आम्ही काही ठेवत नाही, पण मुले तिथली माती नीट करून येतात.

आता त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. पैसे भरून पालात का जाता? मॅन्झनारला त्याचे उत्तर मिळाले. तिकडे त्यालाही ‘कॅम्प’ म्हणतात आणि आमच्या मुक्कामालाही ‘कॅम्प’च म्हणतात. एके ठिकाणी माणसाला आणून ठेवले होते, दुसऱ्या ठिकाणी माणूस आपण होऊन जातो आणि हवे तेव्हा उठून येतो. पाल तेच, कापड तेच, धूळ तीच. ऊसतोडीच्या पालातल्या माणसाला “चला, आता घरी जाऊ” असे म्हणता येत नव्हते. आम्हाला म्हणता येते. आपल्या मुलांना हा फरक अंगाने कळावा, आणि हे स्वातंत्र्य फुकट आलेले नाही हेही कळावे, म्हणून आम्ही जातो. हे ऐकून ते गृहस्थ म्हणाले, “मग पोरांना दोन्ही दाखवा. नुसता ओढा नका दाखवू.” तेव्हापासून आम्ही दोन्ही दाखवतो.

हे सगळे निराशेने सांगतो आहोत असे समजू नका. खोऱ्यात थोडे थोडे बदलते आहे. धुळीविरुद्ध लोक कायद्याने झगडले, आणि २००१ पासून आटलेल्या सरोवराच्या तळावर शहराला पाणी शिंपडावे लागले. त्या उथळ पाण्यावर पुन्हा पक्षी उतरू लागले. कोर्टकचेऱ्या होऊन डिसेंबर २००६ मध्ये ओवेन्स नदीच्या खालच्या ६२ मैलांच्या कोरड्या पात्रात पुन्हा पाणी सोडले गेले. पायूट लोकांच्या पाणीहक्काचा प्रश्न मात्र १९३९ च्या जमीन-अदलाबदलीत बाजूला राहिला, तो सुटलेला नाही. ते त्यासाठी झगडत आहेत. जे झाले ते बोलून, लढून, कागदावर आणून झाले. सिद्धार्थाने सुचवलेला पाच जणांचा मार्ग अडीच हजार वर्षांनीही जुना झालेला नाही.

आता विहार समितीपुढे आमच्या दोन-तीन नम्र सूचना.

एक. वर्षातून एकदा विहाराच्या मुलामुलींचा एक-दोन रात्रींचा मुक्काम उघड्यावर काढावा. फार लांब जायला नको. आपल्याकडे कितीतरी बुद्धलेण्यांच्या पायथ्याशी ओढे आहेत. भिक्षुसंघाला वर्षावासासाठी लेणी हवी होती, आणि लेणी कोरणाऱ्यांनी कातळात पाण्याची टाकीही खोदली. मुलांना चैत्य दाखवताना ती टाकीही दाखवा. लाऊडस्पीकर नेऊ नका. कचरा परत आणा.

दोन. जिथे जाल तिथल्या पाण्याची चौकशी मुलांकडूनच करवून घ्या. हे पाणी कुठून येते, कुठे जाते, कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, आणि या वस्तीला पूर्वी कुठून भरावे लागे. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. ही माहिती कोणत्याही पुस्तकात नाही आणि त्या आजी फार दिवस राहणार नाहीत. पुढच्या स्मरणिकेत त्या चौकशीची दोन पाने छापली, तर आम्हाला तिकडे वाचून आनंद होईल.

तीन. विहारात येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही जातीचा-धर्माचा असो, पहिल्यांदा पाणी विचारा. दाराशी माठ ठेवा आणि त्याच्यावर कोणाचे नाव घालू नका. महाडचे पाणी आपण आपल्यापुरते मागितले नव्हते. माणूस म्हणून मागितले होते.

  या विहारात लहानपणी ज्यांनी आमच्याकडून ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणून घेतले, त्या सर्व थोरामोठ्यांना वंदन करून आम्ही येथेच थांबतो.

भवतु सब्ब मंगलं। जय भीम! नमो बुद्धाय!